अकराव्या ओळीतली मोहरी

तेलबिया केंद्र, वाडीफाटा
२२ सप्टेंबर १९७४

ती. अक्कास अमृतचा जयभीम.

पत्र पाहून तू म्हणशील, काम निघाल्याशिवाय ह्याला बहीण आठवत नाही. काम आहेच. तेव्हा आधी मनातल्या मनात चार शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच.

माझ्या मोठ्या पदवीचा प्रबंध मोहरीवर आहे, हे तुला मागे सांगितलं होतं. वीस जातींचं बी गोळा केलं आहे, कुठलं पंजाबातलं, कुठलं बंगालातलं. ते शेजारी शेजारी पेरायचं आणि झाडाझाडांत काय फरक आहे ते मोजायचं. उंची किती, फांद्या किती, झाडाला शेंगा किती, शेंगेत दाणे किती, हजार दाण्यांचं वजन किती. मग ह्यातला कुठला फरक बियातून पुढे उतरतो आणि कुठला नुसता खतापाण्याचा, ते शोधायचं. तू हसशील, पण सगळी झाडं सारखीच असली तर निवडायचं कशातून? फरक असेल तरच सुधारणा होते.

आता अडचण. केंद्राच्या विहिरीला ह्या वर्षी पाणी नाही. साहेब म्हणाले, ज्याने त्याने आपल्या गावी पेरावं. बाकीच्या मुलांच्या घरी वीस-वीस एकर आहेत. मी तुझं नाव दिलं. तुम्हाला मिळालेल्या गायरानाच्या दोन एकरांतला अर्धा एकर मला दे. तिथला तुमचा हरभरा जाईल, हे मला कळतं. दाजींना तूच समजाव, माझं धाडस होत नाही.

सोबत वीस पुड्या आहेत. प्रत्येक पुडीतलं अर्धं बी मी इथे कपाटात ठेवलं आहे. पुडीवर फक्त आकडा आहे आणि कोणी विचारलं तर आकडाच सांगायचा. एका पुडीची एक ओळ.

तुझा
अमृत


पुसेगाव
१४ ऑक्टोबर १९७४

चि. अमृत यास पंचफुलाचे आशीर्वाद.

चार नाही, सहा शिव्या घातल्या. मग पेरणी केली.

तुझे दाजी दोन दिवस औताकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “हरभरा खाता येतो, आकडे कसे खायाचे?” मी म्हणाले, माझा भाऊ आकडे खाऊनच मोठा व्हायला निघाला आहे. मग हसले आणि औत जुंपलं. मनाने वाईट नाहीत, फक्त पोटाचं आधी बघतात.

तू ओळ म्हणतोस, आम्ही तास म्हणतो. वीस तास सरळ धरले. प्रत्येकाच्या तोंडाशी खुंटी ठोकून तिच्यावर कोळशाने आकडा लिहिला. चौथीपर्यंत शिकले त्याचा एवढा तरी उपयोग झाला. पुढे शिकले नाही त्याचं कारण तू. माय गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, तुला कडेवर घेऊन शाळेत बसू देईनात. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. बरं, थोडा टोमणा आहे.

एक विचारते. तुझ्या वीस पुड्यांत मायची मोहरी काहून नाही? पंजाबची आहे, बंगालची आहे, आपल्या घरातली तेवढी नाही. बहात्तरच्या दुष्काळात आपण सरकारी सुकडीवर दिवस काढले, पण भोपळ्याच्या तुंब्यात राख घालून ठेवलेल्या त्या बियाला मी हात लावला नाही. ह्याही वर्षी घरामागच्या कुडाला ती पेरली आहे. पाहिजे तर अजून पुडी कर, एकवीस होतील.

तुझी
अक्का


वाडीफाटा
१ नोव्हेंबर १९७४

ती. अक्का,

दाजींचे पाय धरतो म्हणून सांग.

मायच्या मोहरीचं मी साहेबांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, गावठी बियाणं घेतलं तर प्रत्येक गावातून एक मडकं येईल. खरं सांगायचं तर मीही जोर लावला नाही. ती उशिरा येते, दाणाही बारीक. फोडणीला चांगली आहे, तेवढं पुरे.

महत्त्वाचं म्हणजे साहेब स्वतः डिसेंबरच्या शेवटी रान पाहायला येणार आहेत. अक्का, सगळं त्या एका भेटीवर आहे. ह्या केंद्रात आपल्या समाजातला मी एकटा आहे. दुसऱ्याच्या रानात तण दिसलं तर म्हणतात, पाऊस जास्त झाला. माझ्या रानात दिसलं तर काय म्हणतील, ते मी तुला लिहायला नको. एकही ओळ मोकळी दिसता कामा नये. रान कसं भरलेलं दिसलं पाहिजे. खुरपणीला हयगय करू नकोस.

अमृत


पुसेगाव
८ जानेवारी १९७५

चि. अमृत,

साहेब येऊन गेले. मोठा माणूस आहे, पण पाणी मागून प्यायला आणि आमच्याच तांब्यातून प्यायला. मला बरं वाटलं.

सगळ्या तासांतून फिरले. अकराव्या तासापाशी जे थांबले ते हललेच नाहीत. एक झाड हातात धरून फांद्या मोजल्या, मग दुसरं धरलं. मला विचारलं, “बाई, ही कुठली?” तू सांगितल्याप्रमाणे मी आकडाच सांगितला, “अकरा नंबर.” त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. जाताना म्हणाले, “अमृतरावांनी रान छान राखलंय.” रान मी राखलं, पण असू दे. ज्याचं त्याला अन् गाढव ओझ्याला.

आता तुला खरी गंमत सांगते. अकरा नंबरच्या पुडीतलं एकही बी उगवलं नाही. तास सगळा उघडा पडला होता. तुझं पत्र आलं, एकही ओळ मोकळी दिसता कामा नये. मग सुचलं. कुडाला मायच्या मोहरीची रोपं बोट-बोट झाली होती. संध्याकाळी उपटली आणि अकराव्या तासात लावली. कापसात रिकाम्या जागच्या नांग्या भरतो तशाच भरल्या. आठ दिवस तांब्या-तांब्याने पाणी घातलं. एकही रोप मेलं नाही. बाकीच्या तासांना कुठे कुठे खाडे होते, तिथेही शेजारच्या तासातली दाटीची रोपं काढून लावली. मरतुकडी होती ती उपटून टाकली. तुझं रान बघणाऱ्याच्या डोळ्यात भरलं पाहिजे ना!

आणि बघ, साहेब थांबले कुठे? मायच्या मोहरीपाशी. वरून बघत असेल ती.

अक्का


वाडीफाटा
१५ जानेवारी १९७५

अक्का,

तुझं पत्र वाचून माझे हातपाय गार पडले.

तू काय केलंस हे तुला कसं समजावू? मला भरलेलं रान नको होतं, मला खरं रान हवं होतं. कुठली जात किती उगवते, कुठली मरते, कुठली मरतुकडी निघते, हेच तर मोजायचं होतं. मरतुकडी उपटलीस म्हणजे फरकच उपटलास. एका ओळीतलं रोप दुसऱ्या ओळीत लावलंस, आता कुठलं झाड कुठल्या आकड्याचं हे देवालासुद्धा सांगता येणार नाही. शेतात नांग्या भरतात. प्रयोगात नांगी पडली तर ती नांगीच मोजतात.

तुला बोलून काय उपयोग? “मोकळी दिसता कामा नये” हे माझेच शब्द आहेत. साहेबांच्या भीतीने लिहिले. तू शेतकरीण आहेस, तू तुझ्या परीने अर्थ लावलास.

दोन रात्री विचार केला. खरं सांगितलं तर वर्ष जाईल आणि कदाचित जागाही जाईल. दुसऱ्या कुणाचा प्रयोग फसला तर प्रयोग फसला म्हणतात. माझा फसला तर ‘ह्यांना कशाला घेता’ म्हणतील आणि माझ्यामागून येणाऱ्या पोरांची वाट बंद होईल. म्हणून मी गप्प बसणार आहे. तूही बस. ते पत्र मी जाळलं, हे तू जाळ.

अकरा नंबर हा अकरा नंबरच आहे. कधीतरी, माझे पाय रोवले गेले की, मी स्वतः साहेबांना सांगेन आणि त्या मोहरीला मायचं नाव लावून घेईन. चंद्रभागा. शब्द देतो.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मोजायला येतो.

अमृत


पुसेगाव
९ मार्च १९७५

चि. अमृत,

पत्र जाळलं. तुझं पत्र मी पहिल्यांदाच चुलीत घातलं. जयभीम लिहायचंही तू विसरला होतास.

तू तीन दिवस राहिलास, मी आणि शेजारच्या जनकाबाईने तुझ्यासंगे शेंगा मोजल्या. शंभर झाल्या की एक चिंचोका. अकराव्या तासातल्या एका झाडाला तुझे साडेपाच चिंचोके झाले तेव्हा तुझ्या तोंडावर हसू आलं, आणि लगेच तू ते पुसलंस. ते मी पाहिलं.

तू गेल्यावर मी पाटलाच्या गव्हाला गेले. कापणीला गेलं नाही तर पुढे वर्षभर कुणी कामाला बोलवत नाही, हे तुला माहीत आहे. नऊ दिवसांनी आपल्या रानात आले तर तासच्या तास तडकलेले. पंजाबच्या म्हण, बंगालच्या म्हण, सगळ्यांच्या शेंगा उलून दाणे मातीत. उरलं ते कापून पेंढ्या बांधल्या आणि आकड्याची चिंधी बांधून मोटारीवर घातल्या. एकटा अकरावा तास शेंग मिटून उभा होता. एक दाणा खाली नव्हता.

ते काहून, तुला ठाऊक आहे का? तुझ्या साहेबाच्या पुस्तकात नसेल म्हणून सांगते. मायनं मला सांगितलं आणि तिला तिच्या सासूनं. आपल्या बायकांनी कधीच आपली मोहरी वेळेवर कापली नाही. आधी पाटलाचा गहू, मग देशमुखाची करडी, सगळ्यात शेवटी आपली. तोवर ज्या शेंगा उलल्या त्यांचे दाणे मातीत गेले, चिमण्यांनी खाल्ले. ज्या मिटून राहिल्या त्याच घरी आल्या, त्याच तुंब्यात गेल्या, त्याच पुढच्या वर्षी पेरल्या. असं किती वर्षं चाललं कोण जाणे. मग ती मोहरीच आपल्यासाठी थांबायला शिकली. उशिरा येते म्हणून तू नाक मुरडलंस, पण ती उशिरा येत नाही रे, आपल्याला सवड होईपर्यंत वाट बघते.

हे तुझ्या पुस्तकात लिही. माझं नाव नको, पण हे लिही.

जनकाबाई आपल्या मोहरीचं मापभर बी घेऊन गेली. तिच्या चुलीवर करपलेली फोडणी आपल्यापर्यंत येते, म्हटलं निदान वास तरी चांगला येऊ दे.

अक्का


वाडीफाटा
२८ जून १९७५

ती. अक्कास जयभीम.

प्रबंध मान्य झाला. पुढच्या महिन्यात पदवी. तुझा भाऊ डॉक्टर झाला, फक्त कुणाला सुई टोचता येत नाही एवढंच.

तू सांगितलेली शेंगेची गोष्ट मी दोनदा लिहिली आणि दोनदा खोडली. लिहिली असती तर अकरा नंबर कुठून आला हे विचारलं असतं. समजून घे.

आता शेवटचं मागणं. साहेबांना अकरा नंबर वाढवून त्याचा वाण काढायचा आहे. एका ओळीतून आलेलं बी त्याला पुरणार नाही. कपाटातली अकराची पुडी मी गुपचूप उगवून पाहिली. किडकी आहे, एक दाणा रुजत नाही. तेव्हा तू तुंब्यातलं सगळं बी पाठव. सगळंच. त्यातलं थोडं मी पुडीत घालेन, उरलेलं अकराव्या तासाचं म्हणून दाखवीन.

आणि अक्का, घरी एक दाणाही ठेवू नकोस. ह्यापुढे कुडाला ती पेरू नकोस. उद्या केंद्राचा माणूस तुझ्या दारी आला आणि अकरा नंबर तुझ्या कुडाला फुललेला दिसला तर मी संपलो. दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे. वाण निघाला की पहिली पिशवी तुझ्याच घरी पाठवीन, मायच्या नावाची.

अमृत


पुसेगाव
११ जुलै १९७५

चि. अमृत,

डॉक्टर झालास. मी गावभर गूळ वाटला. बुद्धविहारात जाऊन मेणबत्ती लावली आणि तिथेच बसून रडले. तुझे दाजी म्हणाले, “रडून काहून राहिली? पोरगं जिंकलं न्हाई का?” मी म्हणाले, म्हणूनच.

तुंबा उलटा करून झटकला. राखेतला दाणा न् दाणा वेचला. त्या तुंब्यात मायच्या हातचं काहीतरी होतं ते आज गेलं. मी वेडी आहे म्हण, पण पिशवीचं तोंड शिवताना टाका चार वेळा उसवला.

जवळा बाजारहून फोडणीला मोहरी आणवली. तडतडते खूप, वास काही येत नाही.

नावाचं विसरू नकोस. बाकी मला काही नको.

अक्का


वाडीफाटा
२ नोव्हेंबर १९७८

ती. अक्कास सप्रेम जयभीम.

माझ्या लग्नानंतर तुझी भेट नाही, पत्रही दोनच झाली. दोष माझा. बदल्या, परीक्षा, घरचं आजारपण, कारणं पुष्कळ आहेत, आणि ती कारणंच आहेत हे मलाही कळतं.

वाण निघाला. ‘वाडी अकरा’. ह्या हंगामात तुमच्या बाजूच्या गावांना वाटपही सुरू होईल. वचनाप्रमाणे पहिली पिशवी तुझी, सोबत माहितीपत्रकही आहे. साहेबांनी त्यातली लवकर येणारी झाडं निवडून निवडून पुढे नेली. आता ती पंधरा-वीस दिवस आधी पिकते, दाणाही टपोरा आहे. बियाला लाल औषध लावलं आहे, खायला घेऊ नकोस.

नावाचं जमलं नाही. मी विषय काढणार होतो, पण साहेबांनी सभेतच केंद्राचं नाव जाहीर केलं. आता नाव बदलणं माझ्या हातात नाही. मी कायम झालो आहे, पुढची जागाही मिळेल असं वाटतं. तेव्हा पाहू.

अमृत


पुसेगाव
१८ मार्च १९७९

चि. अमृत,

पिशवी आली तेव्हा मी ती सगळ्या आळीला दाखवली. “माझ्या भावाचं बी हाय,” म्हणाले. माझ्या शब्दावर सात घरांनी ‘वाडी अकरा’ पेरली. जनकाबाईने तेवढी पेरली नाही, पण तिचं काहीच वेळेवर होत नसतं.

झाडं उत्तम आली. शेंगा लांब, दाणा टपोरा, तू म्हणालास तसंच. जानेवारी सरता सरता पिवळी पडली. तेव्हा आम्ही सगळ्या पाटलाच्या गव्हात. मी म्हणाले, थांबेल, आपलीच आहे. सगळ्याजणी माझ्या भरवशावर थांबल्या. आठ दिवसांनी येऊन बघतो तर शेंगांच्या नुसत्या सालपटी उभ्या आणि खाली माती काळीभोर. सात घरांची मोहरी मातीत. सटवाजीची म्हातारी दाणे वेचायला बसली, मग हात टेकून तशीच बसून राहिली. तिने मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. विहिरीवर माझ्याशी आता कुणी धड बोलत नाही.

तुमच्या केंद्रात पिकली की त्या दिवशी पन्नास माणसं लावून कापत असाल. तिथे शेंगेला थांबायचं काय कारण? लवकर येणारी निवडता निवडता तुम्ही वाट बघणारी झाडं टाकून दिलीत. मायनं, तिच्या सासूनं जे जमवलं ते तुम्ही चार वर्षांत घालवलंत. मी तुझ्या रानातले तास बिघडवले तर तुझे हातपाय गार पडले होते. आता कुणाचे पडले?

तुझं माहितीपत्रक मी चार वेळा वाचलं. चौथीपर्यंत शिकलेली आहे, सावकाश वाचते पण वाचते. उंची आहे, फांद्या आहेत, हजार दाण्यांचं वजन आहे. तुझंही नाव आहे, साहेबांच्या खाली, बारीक अक्षरात. आणि एका जागी लिहिलं आहे, ‘मूळ ठिकाण: अज्ञात’. हे साहेबांनी लिहिलं की तू लिहिलंस?

अक्का


वाडीफाटा
६ एप्रिल १९७९

ती. अक्का,

मी लिहिलं.

साहेबांनी विचारलं, अकराची पुडी कुठून आली होती? जुनी नोंदवही काढली असती तर सगळं बाहेर आलं असतं. मी म्हणालो, नोंद सापडत नाही, अज्ञात लिहू. लिहिताना माझ्या हाताला काही झालं नाही, हे तुला खरं सांगतो. रात्री घरी जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. पण लिहिताना काही झालं नाही.

तुमच्या सात घरांचं ऐकून मान खाली गेली. आणि सातच घरं नाहीत. जिथे जिथे वाटली तिथून तक्रारी येऊन राहिल्या आहेत. साहेब आता म्हणतात, निवड अमृतरावांनी केली होती. चांगलं होतं तेव्हा त्यांचं नाव वर होतं, आता माझं वर गेलं आहे. जूनमध्ये चौकशी आहे. पहिल्या अकरा नंबरचं बी मिळालं तर मी दाखवू शकेन की मुळात शेंग तडकत नव्हती, आणि त्यातून पुन्हा निवड करता येईल. केंद्रात मूळ बी उरलेलं नाही. नाहीतर माझी जागा जाते, अक्का.

तू एक दाणा ठेवला नसशील, कारण मीच सांगितलं होतं. तरी विचारतो. कुणाकडे, कुठे, कोनाड्यात, फुटक्या मडक्यात, मूठभर तरी? सोबत केंद्राची कापडी पिशवी पाठवतो, पत्ता छापलेला आहे, तिकिटंही लावली आहेत. फक्त तोंड शिवून टपालात टाक.

ह्या वेळी मायचं नाव नक्की लावीन. कागदावर लिहून देतो.

तुझा
अमृत


पुसेगाव
२ मे १९७९

चि. अमृत,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण मी पाच वेळा हो लिहिलं आणि पाच वेळा फाडलं. तुला कडेवर वाढवलं आहे, हात आपोआप हो लिहितो.

मी तुझं ऐकलं होतं. चार वर्षं माझ्या घरात मायच्या मोहरीचा दाणा नव्हता. चार वर्षं मी बाजारची मोहरी तडतडवली आणि जेवताना तुझ्या दाजींना दर वेळी सांगितलं, दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे.

पण जनकाबाईने मापभर नेलं होतं, आठवतं? मी तुला लिहिलं होतं, तू लक्ष दिलं नव्हतंस. ती दर वर्षी आपल्या घरामागच्या कुडाला पेरत होती. मला भावाचा हुकूम आहे, म्हणून मला दाखवायची लाज वाटत होती तिला. सात घरांचं वाटोळं झालं त्या आठवड्यात संध्याकाळी सूप घेऊन आली आणि म्हणाली, “घे बाई, तुझं तुला. उसनं होतं.” मी सुपात हात घातला आणि एक दाणा दाताखाली धरला. नाकात झिणझिण्या आल्या, डोळ्याला पाणी आलं. तीच आहे.

म्हणजे मोहरी आहे, अमृत. आणि मी ती तुला देणार नाही.

तुझी जागा जाईल हे मला कळतं. माझ्या जिवाला ते लागतं, खोटं काहून बोलू? पण दिली तर तू ती साहेबांपुढे ठेवशील, साहेब पुन्हा लवकर येणारी झाडं निवडतील, आणि मायचं नाव लावायच्या वेळी पुन्हा एखादी सभा आडवी येईल. तू वाईट नाहीस. तुला भीती वाटते. भीतीला मी एकदा तुंबा उलटा करून दिला, आता दुसऱ्यांदा देण्याइतकी मी उरले नाही. जनकाबाईने सूपभर आणलं, त्यातून सात घरांना ओंजळ-ओंजळ वाटून टाकली. सटवाजीच्या म्हातारीला आधी दिली. तिने घेतली आणि परवा विहिरीवर मला म्हणाली, “पंचे, घागर लाव की, उभी काहून राहिली?” मला एवढंच पाहिजे होतं.

तुला ती मोहरी बघायची असेल तर फेब्रुवारीत ये. मोजायला नको येऊस. विळा घेऊन ये. आधी पाटलाचा गहू कापू, मग देशमुखाची करडी, आणि मग आपल्या रानात जाऊ. तोवर ती उभी असेल.

तुझी कापडी पिशवी ह्याच टपालाने परत पाठवते. तिकिटं वाया जायला नकोत. तोंड शिवलं आहे, ह्या वेळी टाका एकदाही उसवला नाही. आत काही नाही. कुणी विचारलं कुठून आली, तर तुला ठाऊकच आहे काय लिहायचं ते.

पंचफुला